माद्रिदच्या एका किचनमध्ये क्रोकेता करायला लागले, तिथपर्यंतची कागदपत्रं आणि बेशामेल

२०२४ च्या सप्टेंबरमध्ये माझा चाचणी काळ संपला आणि माद्रिदमधल्या एका बारच्या किचनमध्ये माझी नोकरी पक्की झाली. अर्ध्या वेळेची आहे, काम मुख्यतः क्रोकेता करायचं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आलेल्या आणि आता आपण काय करायचं या विचारात असलेल्या ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात की भाषा येत नसताना, इथलं शिक्षण नसताना हे जमलं कसं, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढतेय. वर्ष गेलं यात. त्यातला बराचसा वेळ वाट बघण्यात गेला, त्यामुळे कुठली वाट कधी बघावी लागते एवढं जरी कळलं तरी तुमचा जीव थोडा हलका होईल.

ज्यांनी क्रोकेता खाल्ली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. आत मऊ, जेमतेम आकार धरणारा व्हाइट सॉस, त्याला इथे बेशामेल म्हणतात, त्यात बारीक चिरलेलं खामोन म्हणजे मिठात मुरवून वाळवलेली डुकराची मांडी, किंवा कोंबडी, किंवा मासा. त्याचे लांबट गोळे वळून अंड्यात बुडवायचे, ब्रेडच्या चुऱ्यात घोळवायचे आणि तळायचे. बटाटा अजिबात नसतो. आपल्या गोव्यात पोर्तुगिजांमुळे जी बीफची क्रोकेट आली तिच्यात खिमा असतो आणि वरून रवा, ती चवीला छानच पण हा प्रकार वेगळा.

कागदांची सुरुवात भारतातूनच होते. नवऱ्याचा परवाना उच्चशिक्षित कर्मचाऱ्याचा, स्पेनच्या २०१३ च्या कायद्याखालचा, आणि त्या कायद्याखाली जोडीदाराला मिळणाऱ्या परवान्यात काम करायचीही परवानगी असते. हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, आणि सगळ्याच व्हिसांना असं नसतं, म्हणून तुमचा परवाना कुठल्या कायद्याखालचा आहे ते पहिल्यांदा बघा. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा शिक्का, मग स्पॅनिशमध्ये शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर. अपॉस्टिलची सरकारी फी फक्त ५० रुपये, एजन्सीचा चार्ज वेगळा, आणि भाषांतराला मला साधारण ४० युरो पडले. दाखल्यावर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे दाखवणारा कागद सोबत तयार ठेवा, त्याचंही भाषांतर करून. मुंबईच्या स्पॅनिश कॉन्सुलेटचा व्हिसा ऑगस्टमध्ये हातात आला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मी माद्रिदला उतरले.

इथे आल्यावर सगळ्यात आधी एम्पाद्रोनामिएन्तो, म्हणजे तुम्ही अमुक पत्त्यावर राहता याची महापालिकेत नोंद. पैसे लागत नाहीत. अपॉइंटमेंट ऑनलाइन किंवा ०१० नंबरला फोन करून मिळते, पासपोर्ट आणि घरभाड्याचा करार न्यायचा, करारात फक्त नवऱ्याचं नाव असेल तर त्याला सोबत घेऊन जा. तिथे जो कागद देतात त्याला वोलान्ते म्हणतात, तो पुढे बऱ्याच ठिकाणी मागतात आणि तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही असं सांगतात, म्हणून लागेल तेव्हा ताजा काढायचा. स्पॅनिश फॉर्ममध्ये दोन आडनावांच्या जागा असतात. आपल्याला एकच आडनाव, तर दुसरी जागा रिकामी सोडायची, तिथे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव घालायच्या भानगडीत पडू नका, कारण पुढे प्रत्येक कागदावर पासपोर्टसारखंच नाव हवं असतं.

मग तीए, म्हणजे परदेशी माणसाचं ओळखपत्र. आल्यापासून एक महिन्याच्या आत त्यासाठी अर्ज करायचा असतो. बोटांचे ठसे द्यायची अपॉइंटमेंट पोलिसांकडे, तिथे ईएक्स-१७ हा फॉर्म, ७९० कोड ०१२ नावाचं चलान बँकेत भरल्याची पावती (१६ युरोच्या आसपास), फोटो, पासपोर्ट आणि वोलान्ते. ठसे झाल्यावर एक पावती देतात ती कार्ड येईपर्यंत जपून ठेवायची. माझं कार्ड डिसेंबरच्या सुरुवातीला हातात आलं आणि त्याच्यावर छापलं होतं की काम करायला परवानगी आहे. त्या एका ओळीकडे मी बसस्टॉपवर बसून कितीतरी वेळ बघत होते. आल्यापासून तीन महिने घरात एकटी, दारावरची बेल वाजली तरी पोटात गोळा यायचा की आता बोलायचं काय, आणि एकदम हातात एक वस्तू आली जी नवऱ्याची नव्हती, माझी होती.

मधल्या काळात ऑक्टोबरपासून स्पॅनिशचा वर्ग लावला. इथे सेपा नावाची प्रौढ शिक्षणाची सरकारी केंद्रं असतात, तिथे परदेशी लोकांना स्पॅनिश शिकवतात, मला फी लागली नाही, वही-पुस्तकाचा खर्च तेवढा झाला. नावनोंदणी सप्टेंबरमध्ये असते, उशीर झाला तर वेटिंग लिस्टवर टाकतात, तिथेही नाव द्याच, मला जागा वेटिंगमधूनच मिळाली.

आणि क्रोकेता आली ती शेजारच्या आजींकडून. मूळच्या कादिसच्या, दक्षिणेच्या समुद्राकाठच्या. हिवाळा सुरू झाला तसं त्यांच्या घरातून दर आठवड्याला पुचेरोचा वास यायला लागला, पुचेरो म्हणजे छोले, कोंबडी, मांस, हाडं आणि भाज्या एकत्र तासन्‌तास उकळून केलेलं कालवण. माद्रिदला कोसिदो म्हणतात तो याच कुळातला. पहिल्या दिवशी सूप आणि छोले खायचे आणि उरलेल्या मांसाच्या दुसऱ्या दिवशी क्रोकेता. त्यांनी एक ताटली आणून दिली आणि मी दारातच एक तोंडात टाकली, वरचं कवच कुरकुरीत आणि आतलं जिभेवर नुसतं पसरलं, मला शब्दच सुचेना, येत तरी किती होते म्हणा. दुसऱ्या दिवशी वहीत वाक्य लिहून नेलं, मला शिकवाल का, असं. त्या लगेच हो म्हणाल्या.

त्यांनी शिकवलेलं जसंच्या तसं सांगते कारण बारमध्येही हेच चालतं. एक लिटर फुल क्रीम दुधाला साधारण १०० ग्रॅम लोणी आणि १०० ते १२० ग्रॅम मैदा. लोण्यात थोडं ऑलिव्ह तेलही घालायचं. आधी लोण्यात बारीक चिरलेला कांदा मंद परतायचा, मग मैदा घालून कच्चा वास जाईपर्यंत परतायचा, इथे घाई केली तर शेवटपर्यंत पिठूळ चव राहते. मग गरम दूध थोडं थोडं घालत घोटत राहायचं, निदान अर्धा तास, मंद आचेवर. झालं कधी हे ओळखायची खूण आपल्या सुरळीच्या वडीच्या पिठासारखी, मिश्रण कढईच्या कडा सोडायला लागतं आणि कालथा फिरवला की मागे तळ स्वच्छ दिसतो. आजींनी ही खूण दाखवली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे आपल्याला येईल. जायफळ किसून घालायचं, मीठ अगदी शेवटी, कारण मांसात मीठ असतंच. ताटात पसरून प्लास्टिकचा कागद थेट मिश्रणाला चिकटवून लावायचा म्हणजे साय धरत नाही, आणि रात्रभर फ्रीजमध्ये. ही रात्र वगळता येत नाही. गार न झालेलं मिश्रण वळताच येत नाही, आणि कसंबसं वळलं तर तेलात फुटतं.

तळताना तेल १८० अंशांच्या आसपास, एका वेळी थोड्याच. जास्त टाकल्या की तेल गार होतं, कवच पटकन धरत नाही, आतलं उकळून बाहेर येतं. फुटण्याचं दुसरं कारण म्हणजे चुरा सगळीकडे नीट न लागणं, टोकांना विशेषतः. वळलेल्या कच्च्या क्रोकेता फ्रीझरमध्ये छान राहतात आणि तळताना वितळवायच्या नसतात, गोठलेल्याच तेलात सोडायच्या.

डिसेंबर-जानेवारी हेच करत गेला. खर्च म्हणाल तर फार नाही, दूध लिटरला युरोभर, मैदा-लोणी थोडंफार, खामोनसाठी महागाची मांडी लागत नाही, दुकानात शेवटचे तुकडे आणि हाडं स्वस्तात मिळतात. हाड दुधात टाकून दूध उकळून घेतलं की अख्ख्या बेशामेलला खामोनची चव येते.

१६ जानेवारी हा इथे क्रोकेताचा दिवस म्हणून साजरा करतात. वर्गातल्या एका मोरोक्कन मैत्रिणीला घेऊन मी त्या दिवशी कासा लाब्राला गेले, पुएर्ता देल सोलजवळ, तेतुआन गल्लीत, १८६० पासून आहे. बाकालाओच्या, म्हणजे खारवलेल्या कॉड माशाच्या क्रोकेतांसाठी प्रसिद्ध. रांग मोठी पण भरभर सरकते, बहुतेक लोक उभ्यानेच खातात. स्पॅनिश समाजवादी पक्षाची स्थापना १८७९ साली याच जागी झाली, त्याची पाटी आहे. मैत्रिणीला डुकराचं चालत नाही, तिच्यासाठी ही जागा फार सोयीची ठरली, पण तरीही विचारून घेतलंच, तुमच्यापैकी जे काही खात नाहीत त्यांनी प्रत्येक ठिकाणी विचाराच, कारण पालकाच्या क्रोकेतामध्येसुद्धा कधी कधी खामोनचे तुकडे असतात.

त्यानंतर मी जिथे जाईन तिथे क्रोकेता मागवून वहीत नोंद करायला लागले. काम मागायला जायचं तर लोक काय खातात हे माहीत हवं असं डोक्यात होतं. खामोनची सगळीकडे, ती चांगली असेल तर किचन चांगलं असं इथले लोक मानतात, आणि माद्रिद फुसिओन या मोठ्या खाद्यसंमेलनात २०१५ पासून खामोनच्या क्रोकेताची स्पर्धासुद्धा होते. लार्दी हे १८३९ चं जुनं उंची ठिकाण, तिथे गरम सूपबरोबर क्रोकेता खायची पद्धत, एकच खाऊन आले, परवडत नाही. मशरूमची, पालक-बेदाणे-चिलगोज्याची, स्क्विडची त्याच्याच शाईतली, कापल्यावर आतून काळीकुट्ट. लिओनकडची सेसीनाची, सेसीना म्हणजे वाळवलेलं गोमांस, धुराचा वास असलेलं. ईस्टरच्या सुट्टीत आस्तुरियासला गेलो तेव्हा काब्रालेस या निळ्या चीजची खाल्ली, पहिला घास इतका उग्र की डोळे मिटले आणि दुसरा घास घेताना मात्र हात थांबेना. ला रिओखामधल्या एस्कारायला एचाउरेन नावाचं ठिकाण आहे, तिथल्या मारिसा सांचेस यांच्या क्रोकेता अख्ख्या देशात नावाजलेल्या, खामोन, कोंबडी आणि उकडलेलं अंडं एकत्र. तिकडे जाणं अजून झालं नाही पण त्या धाटणीची मी घरी करते आणि नवऱ्याला हीच सगळ्यात आवडते. मला स्वतःला मात्र अजूनही आजींची पुचेरोचीच. उरलेल्या अन्नाला इतक्या मानाने वागवणारा पदार्थ मला दुसरा माहीत नाही.

फेब्रुवारीत नोकरीच्या कागदांना लागले. पहिलं, सेगुरिदाद सोसिआलचा, म्हणजे इथल्या सामाजिक सुरक्षा यंत्रणेचा नंबर. याच्याशिवाय कुणी कामावर ठेवू शकत नाही, फुकट असतो, इम्पोर्तास नावाच्या सरकारी पोर्टलवरून अर्ज केला, कार्ड आणि पासपोर्ट अपलोड केले. दुसरं, अन्न हाताळणीचं प्रशिक्षण. पूर्वी यासाठी सरकारमान्य कार्ड असायचं, ते २०१० साली रद्द झालं. आता कर्मचाऱ्याला प्रशिक्षण द्यायची जबाबदारी मालकावर आहे, आणि बाहेरच्या संस्थांचं सर्टिफिकेट असेल तर मालकाचं काम सोपं होतं एवढंच. म्हणून कुणी ‘ऑफिशियल कार्ड’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका, ऑनलाइन कोर्स १०-२० युरोत होतात. मी १५ चा केला. स्पॅनिशमध्ये होता, शब्द अडायचे, पण खूप उपयोग झाला. गरम ठेवायचं अन्न ६३ अंशांच्या वर, गार ठेवायचं ते चोवीस तासांच्या आत संपणार असेल तर ८ अंश आणि जास्त दिवस ठेवायचं असेल तर ४ अंशांपर्यंत. तळणाच्या तेलात पोलर संयुगं, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून त्यात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेली की तेल टाकायचं, त्याच्या चाचणीच्या पट्ट्या मिळतात. आणि चौदा ॲलर्जेन, म्हणजे ॲलर्जी होऊ शकणारे आणि गिऱ्हाइकाला सांगावेच लागणारे घटक, ते पाठच करा. साध्या क्रोकेतामध्येच तीन असतात, ग्लुटेन, दूध, अंडं, बाकालाओची असेल तर मासा, कोळंबीची असेल तर कवचवाले जलचर, स्क्विडची असेल तर मृदुकाय. चिलगोजे मात्र त्या चौदांत येत नाहीत, पण कुणाला सुकामेव्याची ॲलर्जी असेल तर मी तरी आवर्जून सांगते.

मार्च-एप्रिल-मे हा सगळ्यात अवघड काळ. सीव्हीच्या प्रिंट घेऊन बारमध्ये हिंडायचं. इथे जेवणाची वेळ दोन ते चार, त्या वेळी चुकूनही जाऊ नका, अकराच्या सुमाराला किंवा साडेपाचनंतर जा, तेव्हा मालक काउंटरवर निवांत असतो. बहुतेक जण सीव्ही ठेवून घ्यायचे आणि नंतर काही नाही. अनुभव किती, हा प्रश्न आला की मी गप्प व्हायचे. काही ठिकाणी ‘दोन दिवस येऊन काम करून दाखव, मग बघू’ असंही झालं. त्याबद्दल नीट ऐका. कामावर उभं राहण्याच्या आधी मालकाने तुमची सेगुरिदाद सोसिआलमध्ये नोंद केलीच पाहिजे, चाचणीचे दिवस करारातच येतात आणि त्यांचे पैसे मिळतात. एका जागेला मी याच कारणासाठी नाही म्हटलं, आणि घरी येऊन खूप रडले, कारण दुसरं काहीच हातात नव्हतं.

मग आजींनीच सुचवलं की कागद कशाला दाखवतेस, क्रोकेता दाखव. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी डब्यात खामोनच्या आणि पुचेरोच्या, ताज्या तळलेल्या, खाली टिश्यू घालून, झाकण अर्धवट उघडं ठेवून म्हणजे वाफेने मऊ पडणार नाहीत, अशा घेऊन जवळच्याच एका बारमध्ये गेले. किचनच्या प्रमुख बाईंनी, त्यांना सगळे खेफा म्हणतात, एक मोडून आत बघितलं, वास घेतला, खाल्ली, आणि विचारलं मैदा किती मिनिटं परतलास. दहा, मी म्हणाले. मान हलवली आणि उद्या कार्ड घेऊन ये म्हणाल्या.

करार आठवड्याला वीस तासांचा, मंगळवार ते शनिवार, सकाळी साडेनऊ ते दीड. सही करण्याआधी मी फोटो काढून घरी आणला आणि शब्दन्‌शब्द बघितला, तसं करायला कुणी नाही म्हणत नाही. २०२४ साली पूर्ण वेळेचं किमान वेतन महिना ११३४ युरो होतं, वर्षाला १४ पगार, आणि अर्ध्या वेळेला त्याचा अर्धा हिस्सा, त्याच्या खाली कायद्याने कुणी देऊ शकत नाही. आपली नोंद खरंच झाली का हे विदा लाबोराल नावाच्या अहवालात दिसतं, तो ऑनलाइन फुकट मिळतो, पहिल्याच आठवड्यात काढून बघा.

कामाचं प्रमाण मात्र घरच्यापेक्षा फार वेगळं. बेशामेल पाच-पाच लिटरची, खांदे भरून येतात, सुरुवातीचे दिवस रात्री हात वर होत नव्हते. वळायला दोन चमच्यांची पद्धत इथे नाही, क्रीमच्या मोठ्या पिशवीतून लांब दोऱ्या पाडायच्या आणि सारखे तुकडे कापायचे, सगळ्या एकाच मापाच्या हव्यात नाहीतर काही जळतात काही आत गार राहतात. अंडं बाटलीतलं पाश्चराइज्ड. प्रत्येक ट्रेवर प्रकार, तारीख आणि ॲलर्जेनचं लेबल. बाकालाओ दोन दिवस आधी फ्रीजमध्ये पाण्यात भिजत घालून पाणी बदलत राहायचं, ही आठवण ठेवायचं कामही माझ्याकडे. आठ क्रोकेतांची प्लेट आमच्याकडे १० युरोला आहे, शनिवारी दुपारी एवढ्या जातात की मोजायला कुणाला फुरसत नसते. गर्दीच्या वेळी लोक भराभर बोलतात, शिव्याही असतात, पहिल्यांदा मला वाटायचं माझ्यावरच ओरडतायत. खेफांनी एकदा शांतपणे समजावलं की ते कामाला उद्देशून असतं, आणि खरंच, काम संपलं की तीच माणसं मला जेवायला बसवून घेतात.

सप्टेंबरमध्ये चाचणी काळ संपला, त्याचं वेगळं पत्र वगैरे काही येत नाही, करार तसाच पुढे चालू राहतो. आता गुरुवारी पुचेरोच्या क्रोकेता मेनूवर असतात, आजी त्या दिवशी येतात आणि मीठ कमी पडलं असेल तर स्पष्ट सांगतात.

अजून एक गोष्ट करून ठेवा. दर महिन्याची नोमिना म्हणजे पगाराची पावती, करार आणि वोलान्ते एका फाइलमध्ये ठेवत जा. कार्डाच्या मुदतीच्या ६० दिवस आधीपासून नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, तो नवऱ्याच्या अर्जासोबतच टाकणं सोपं पडतं, आणि माझ्या फाइलचा पहिला कप्पा त्यासाठी आत्ताच वेगळा काढलाय.